सेइतिल हाती धरताना: मध्ययुगीन पोर्तुगीज तांब्याच्या नाण्यांचा संग्रह कसा सुरू करावा

मध्ययुगीन पोर्तुगालची नाणी म्हटली की बहुतेकांना सोन्याचे क्रुझादु आठवते, आणि ते परवडणारे नाही म्हणून नवखा संग्राहक तो विषयच सोडून देतो. प्रत्यक्षात त्या देशाच्या सामान्य माणसाच्या मुठीत राहिलेले नाणे होते ते तांब्याचे सेइतिल. आकाराने ते आजच्या आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढे किंवा किंचित लहान असते, वजनाने बहुधा १ ते ३ ग्रॅमच्या दरम्यान भरते, आणि त्याच्या एका बाजूला समुद्रकाठचा तीन बुरुजांचा किल्ला, तर दुसऱ्या बाजूला पोर्तुगालच्या राजाची ढाल कोरलेली असते. ज्याला हा संग्रह सुरू करायचा आहे त्याने सुरुवातीची दोनतीन वर्षे तरी फक्त सेइतिलच गोळा करावे, असा माझा सल्ला आहे. तो कसा अमलात आणावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिले पाऊल: आपण नेमके काय जमवणार आहोत हे ठरवणे

‘मध्ययुगीन पोर्तुगीज तांब्याची नाणी’ या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, जुनी हिणकस धातूची नाणी आणि नंतरचे खऱ्या तांब्याचे सेइतिल, आणि हा फरक सुरुवातीलाच समजून घेतला नाही तर पुढचे सगळे वाचन गोंधळात पडते. पोर्तुगाल स्वतंत्र राज्य म्हणून उभे राहिले ते बाराव्या शतकात, अफोंसो एन्रिकेश या पहिल्या राजाच्या काळात. तेव्हापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे रोजच्या व्यवहारात चालत असे ते दिन्येरु. १२ दिन्येरुंचा एक सोल्दु आणि २० सोल्दुंची एक लिब्रा, असा हिशेब असे. पण सोल्दु आणि लिब्रा हे हिशेबवहीतले शब्द होते आणि हातात पडत असे ते दिन्येरु, किंवा त्याचे अर्धे म्हणजे मेआल्या. ही नाणी शुद्ध तांब्याची नाहीत. ती तांब्यात थोडी चांदी मिसळलेल्या हिणकस धातूची आहेत. शतकानुशतके मातीत राहून वरची चांदी झिजली की ती तांब्यासारखीच दिसतात, म्हणून अनेक विक्रेते त्यांना सरसकट तांब्याची म्हणतात.

चांदीचे हे प्रमाण राजाच्या हातात असे, आणि तो ते कमी करू शकत असे. जुनी नाणी मागे घेऊन कमी चांदीची नवी नाणी पाडणे हे राजांचे उत्पन्नाचे साधन होते आणि प्रजेच्या कायमच्या तक्रारीचे कारणही. तेराव्या शतकाच्या मध्यात तिसऱ्या अफोंसोच्या काळात हा वाद राज्याच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे आला, आणि ठरावीक वर्षे नाण्याचा कस बदलणार नाही या वचनाच्या बदल्यात प्रजेने राजाला कर देण्याचे मान्य केले. पुढे फर्नांदु राजाने (१३६७ ते १३८३) शेजारच्या कास्तील राज्याशी केलेल्या युद्धांत पुन्हा हिणकस नाण्यांचा पूर आला. बार्बुदा, ग्राव्ह, पिलार्त ही त्या काळातली नावे. १३८३ ते १३८५ च्या वारसायुद्धानंतर गादीवर आलेल्या पहिल्या जुआंवच्या काळात तर नाण्याचे मोल इतके घसरले की जुन्या लिब्रांचा हिशेब ठेवणेच अवघड झाले आणि ‘रेआल’ हे नवे एकक रूढ झाले.

या घसरणीच्या शेवटी, पंधराव्या शतकात, रेआलचे दोन प्रकार शेजारीशेजारी चालत होते: पांढरे म्हणजे ‘ब्रांकु’ आणि काळे म्हणजे ‘प्रेतु’. १० काळ्या रेआलांचे एक पांढरे रेआल होत असे. काळे रेआल जवळजवळ तांब्याचेच होते. त्यानंतर आले सेइतिल, आणि सहा सेइतिलांचे एक रेआल धरले जाऊ लागले. सोळाव्या शतकात एका सुवर्ण क्रुझादुचे ४०० रेआल होत, म्हणजे एका क्रुझादुला २,४०० सेइतिल. एवढ्या खालच्या पायरीचे हे नाणे होते. पोर्तुगीज भाषेत ‘शेवटचे सेइतिल फेडेपर्यंत’ हा प्रयोग आजही आहे, कारण सतराव्या शतकात जुआंव फरेइरा द आल्मेइदा यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतरात मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या वाक्यासाठी हाच शब्द आला. आपण ‘फुटकी कवडी’ म्हणतो, तिथे ते सेइतिल म्हणतात.

नाव कुठून आले याविषयी दोन मते आहेत. परंपरा सांगते की २१ ऑगस्ट १४१५ रोजी पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचे सेउता शहर जिंकले, त्याच्या स्मरणार्थ हे नाणे निघाले, आणि त्यावरचा समुद्रकाठचा किल्ला म्हणजे सेउताच. दुसरे मत असे की हे नाणे रेआलचा सहावा हिस्सा असल्याने ‘सहावा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. परंपरेने पहिले सेइतिल पहिल्या जुआंवच्या नावे घातले, तरी आज अभ्यासक साधारणपणे सर्वांत जुने सेइतिल पाचव्या अफोंसोचे (१४३८ ते १४८१) मानतात. त्यानंतर दुसरा जुआंव, मानुएल, तिसरा जुआंव आणि सेबास्तियांव अशा पाच राजांच्या नावे ते निघत राहिले. यांपैकी पाचवा अफोंसो निश्चितपणे मध्ययुगातला आणि शेवटचा सेबास्तियांव निश्चितपणे नंतरचा. मानुएल दोन युगांच्या उंबरठ्यावर उभा आहे. पाच राजांची पाच नाणी हे नवख्याचे पहिले उद्दिष्ट असू द्यावे. ते गाठण्याजोगे आहे, आणि ते गाठताना एका राज्याची सव्वाशे वर्षे नजरेखालून जातात.

दुसरे पाऊल: नाणे वाचायला शिकणे

खरेदीच्या आधी हे पाऊल टाकावे. संग्राहकाचा खरा आनंद यातच आहे, म्हणून इथे मी थोडा अधिक वेळ घेतो.

सेइतिल हातोड्याने ठोकलेले नाणे आहे. खालचा ठसा घट्ट बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि त्यावर घण. चकती ठशापेक्षा लहान असेल किंवा बाजूला सरकली असेल, तर कडेची अक्षरे नाण्यावर उतरतच नाहीत. ज्या मराठी वाचकाने शिवराई हाताळली आहे त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही; ‘श्री राजा शिव’ यातील एखादे अक्षर नाण्याबाहेर गेलेले त्याने पाहिलेले असते. त्यामुळे अर्धवट लेख हा सेइतिलाचा दोष मानू नये. नेमकी ओळख पटवणारी अक्षरे उतरली आहेत की नाहीत, एवढेच पाहावे.

नाणे किल्ल्याची बाजू वर करून ठेवावे आणि बुरुज उभे दिसतील असे फिरवावे. वरच्या टोकाला बहुधा एक लहान क्रूस असतो. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लेख वाचत जावे. अक्षरे लॅटिन आहेत, पण ती आजच्या छापील अक्षरांसारखी नाहीत. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असते, ‘ए’ची आडवी रेघ पुष्कळदा नसते, आणि जुन्या नाण्यांवर ‘ई’ व ‘एम’ गोलाकार गॉथिक वळणाचे असतात. नवख्याला सुरुवातीला नुसते फराटे दिसतात. दहाबारा नाण्यांची छायाचित्रे समोर ठेवून प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून काढले की डोळा सरावतो. मी स्वतः हाच उपाय केला आणि आजही अवघड नाणे आले की पेन्सिल घेऊन बसतो.

राजाचे नाव ओळखण्यासाठी पहिली तीनचार अक्षरे पुरतात. ‘ए-एल-एफ’ असेल तर अफोंसो. ‘आय-ओ-ए’ असेल तर जुआंव, आणि मग पुढे दोन दांड्या आहेत की तीन, यावर दुसरा की तिसरा हे ठरते; नेमका तोच भाग झिजलेला असला तर नाणे अनिश्चित ठरते. ‘ई-एम-ए’ म्हणजे एमानुएल, आणि ‘एस-ई-बी’ म्हणजे सेबास्तियांव. लेखाच्या शेवटाकडे ‘जी-व्ही-आय’ ही अक्षरे दिसली तर तो ‘गिनीचा स्वामी’ या पदवीचा अवशेष असतो. ही पदवी दुसऱ्या जुआंवने १४८५ मध्ये धारण केली, म्हणून ती असलेले नाणे त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही. कडेवरची तीन झिजकी अक्षरे अशी पश्चिम आफ्रिकेच्या सागरी मोहिमांपर्यंत नेऊन पोचवतात, हे मला अजूनही अद्भुत वाटते.

नाव वाचताच येत नसेल तर ढालीकडे वळावे. पोर्तुगालच्या राजचिन्हात मधोमध पाच लहान ढाली क्रूसाच्या आकारात मांडलेल्या असतात. त्यांना ‘किनाश’ म्हणतात. त्यांच्याभोवती किल्ले असतात. याच १४८५ साली दुसऱ्या जुआंवने या चिन्हात दोन बदल केले. पूर्वी डावीउजवीकडच्या दोन लहान ढाली आडव्या पडून मध्याकडे टोक करून असत, त्या त्याने इतरांसारख्या उभ्या केल्या. आणि पहिल्या जुआंवपासून चालत आलेला अव्हिश या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा क्रूस, ज्याची फुलासारखी टोके ढालीच्या कडेतून बाहेर डोकावत, तो त्याने काढून टाकला. म्हणजे आडव्या ढाली आणि फुलाची टोके दिसली तर नाणे १४८५ च्या आधीच्या घडणीचे. उभ्या ढाली असल्या तर नंतरचे. कडेचा लेख पूर्ण झिजलेला असला तरी मधली ढाल बहुधा शाबूत राहते, त्यामुळे ही एक खूण शिकली की निम्मी कोडी सुटतात.

शेवटी टांकसाळीचे अक्षर शोधावे. ते किल्ल्याच्या किंवा ढालीच्या बाजूला एकटेच असते: ‘एल’ म्हणजे लिस्बन, ‘पी’ म्हणजे पोर्तु, आणि ‘सी’ हे अक्षर सेउताचे मानले जाते. किल्ल्याखालच्या लाटा कशा काढल्या आहेत, बुरुजांची ठेवण कशी आहे, लेखातील शब्द ठिपक्यांनी तोडले आहेत की फुल्यांनी, यांवरून अभ्यासकांनी सेइतिलांचे कितीतरी उपप्रकार नोंदले आहेत. नवख्याने त्यांच्या मागे लगेच लागू नये. राजा, टांकसाळ आणि ढालीची घडण या तीन गोष्टी ओळखता आल्या की पहिली इयत्ता पार पडली.

जुन्या दिन्येरुंची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यावर एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला पाच ढाली असतात, आणि काहींवर लेखाचे चार तुकडे केलेले असतात: ‘पी-ओ’, ‘आर-टी’, ‘व्ही-जी’, ‘ए-एल’, मिळून पोर्तुगाल. पुढे दिनिश (१२७९ ते १३२५) आणि चौथा अफोंसो यांच्या नाण्यांवर त्याच जागी ‘ए-एल’, ‘जी-ए’, ‘आर-बी’, ‘आय-आय’ असे अल्गार्व्हचे नाव येते, कारण दक्षिणेचा तो प्रदेश १२४९ मध्ये पूर्णपणे जिंकून पोर्तुगालचे राजे दोन्ही राज्यांचे राजे म्हणवू लागले होते. ही नाणी पातळ आणि नाजूक असतात. सेइतिलांवर हात बसल्यावरच त्यांच्याकडे वळावे.

तिसरे पाऊल: साधने

फार खर्च नको. सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि व्यास मोजण्यासाठी प्लास्टिकचे व्हर्निअर एवढे पुरे. धातूच्या व्हर्निअरने मऊ तांब्यावर ओरखडा उठतो. याशिवाय एक दिवा असा हवा की जो बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून प्रकाश टाकील. डोक्यावरच्या उजेडात कोरे वाटणारे नाणे तिरप्या उजेडात अक्षरे दाखवू लागते. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

चौथे पाऊल: पहिली खरेदी

युरोपातील मध्ययुगीन नाण्यांमध्ये सामान्य प्रतीचे सेइतिल हे सर्वांत परवडणाऱ्या नाण्यांपैकी आहे, कारण ते फार मोठ्या संख्येने पाडले गेले आणि फार मोठ्या संख्येने हरवलेही. पाचवा अफोंसो, मानुएल आणि तिसरा जुआंव यांची नाणी सहज मिळतात; दुसऱ्या जुआंवचे त्या मानाने दुर्मीळ आहे. म्हणून त्याचे नाणे स्वस्तात मिळत असेल तर आधी दांड्या मोजाव्यात, कारण झिजलेले तिसऱ्या जुआंवचे नाणे दुसऱ्याच्या नावावर विकले जाण्याची शक्यता असते. तो प्रत्येक वेळी लबाडीचाच प्रकार असतो असे नाही. पुष्कळदा विक्रेत्यानेही नीट पाहिलेले नसते.

नवखा हमखास जी चूक करतो ती म्हणजे ‘वीस नाण्यांची थैली’ घेणे. थैलीतील नाणी बहुधा इतरांनी वाचून टाकून दिलेली असतात. त्याऐवजी एकच नाणे घ्यावे, पण ज्यावर किल्ला पूर्ण आहे, ढाल पूर्ण आहे आणि राजाच्या नावाची पहिली तीनचार अक्षरे स्पष्ट आहेत असे घ्यावे. ते नाणे मग पुढच्या सगळ्या खरेदीसाठी तुमच्या डोळ्याचे माप बनते.

विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते याची माहिती लेखी मागावी, आणि नाणे परत घेण्याची मुदत किती हेही विचारावे. पूर्वीच्या संग्रहाविषयीचा प्रश्न केवळ सावधगिरीचा नाही. पोर्तुगालमध्ये पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र वापरण्यावर १९९९ च्या कायद्याने बंदी आहे. रात्री शेतात खणून काढलेले नाणे आपल्या वहीत आले, तर ज्या मातीत ते कोणाच्या तरी हातून पडले तिची सगळी माहिती कायमची नाहीशी झालेली असते. जुन्या संग्रहातून आलेले, जुने पाकीट किंवा चिठ्ठी सोबत असलेले नाणे थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

बनावट नाण्यांचा धोका साध्या सेइतिलाच्या बाबतीत कमी आहे, कारण नक्कल करण्याइतका फायदा त्यात नाही. तरीही ओतीव नक्कल ओळखता यावी. तिच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक बुडबुडे किंवा छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात, आणि नाण्याच्या कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा असतात. याहून फसवा प्रकार म्हणजे खऱ्या नाण्यावर सुईने कोरून अक्षर ‘सुधारणे’. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू बाहेर सरकलेला दिसतो, तर कोरलेल्या अक्षराच्या तळाशी ओरखड्यांच्या रेघा दिसतात आणि तेथील रंग आजूबाजूपेक्षा वेगळा असतो.

पाचवे पाऊल: न घासणे

आपल्याकडे तांब्याची वस्तू हाती आली की ती लखलखीत करण्याची सवय अंगात मुरलेली आहे. माझ्या पहिल्या सेइतिलाचे मी असेच नुकसान केले. काळपट हिरवे नाणे चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवले. सकाळी ते नव्या तांब्यासारखे गुलाबी झाले होते, आणि आदल्या दिवशी मी कागदावर उतरवून घेतलेली दोन अक्षरे आता वाचता येत नव्हती. अक्षरे धातूत नव्हतीच. ती धातूवर पाच शतकांत साचलेल्या थरात टिकून होती, आणि तो थरच मी धुऊन टाकला होता. तो काळपट, तपकिरी किंवा हिरवा टणक थर ही नाण्याची कातडी आहे. चिंच, लिंबू, मीठ, व्हिनेगर, भांडी घासण्याची पावडर आणि ब्रश यांपैकी काहीही तिला लावू नये.

मातीचे लेप असतील तर शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे काही दिवस ठेवावे, पाणी रोज बदलावे, आणि मऊ झालेली माती बाभळीच्या काट्याने किंवा टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने भिंगाखाली हलकेच काढावी. नळाचे पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असते. नंतर नाणे टिपकागदावर पूर्ण वाळू द्यावे. याहून अधिक काही करायचे असेल तर ते जतनतज्ज्ञाचे काम आहे.

सुरक्षित हिरवा थर आणि धोक्याचा हिरवा डाग यांतला फरक मात्र प्रत्येकाला ओळखता यायलाच हवा. पहिला टणक, गडद आणि नखाने न निघणारा असतो. दुसरा फिकट, पोपटी, भुरभुरीत पिठासारखा असतो, आणि पुसला तरी काही दिवसांनी पुन्हा उगवतो. तो तांब्यातील क्लोराइडांचा विकार आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या मातीतून आलेल्या नाण्यांत तो विशेष दिसतो, आणि सेइतिल तर समुद्रावर जगणाऱ्या देशाचे नाणे आहे. हवेतील ओलावा मिळाला की क्लोराइड आणि तांबे यांची क्रिया पुन्हा पुन्हा चालू राहते आणि नाणे आतून पोखरले जाते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते तेव्हा जसे ते लगेच बाजूला काढावे लागते, तसे हे नाणे तत्काळ इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे आणि जाणत्या माणसाला दाखवावे.

साठवणीचे सूत्र कोरडेपणा हेच. कोकण, गोवा आणि मुंबईत राहणाऱ्या संग्राहकाला जून ते सप्टेंबर हे चार महिने फार जपावे लागते. मऊ, वास येणारे पीव्हीसी प्लास्टिकचे अल्बम टाळावेत, कारण ते काळाने पाझरतात आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. आम्लरहित कागदाची छोटी पाकिटे किंवा पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे, हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरते. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. लाकडी कपाटात ठेवायचे असेल तर नव्या प्लायवुडचे आणि ताज्या रंगाचे कपाट नको. त्यातून निघणाऱ्या वाफा तांब्याला बाधतात.

सहावे पाऊल: वही

प्रत्येक नाण्याला आल्या दिवशी क्रमांक द्यावा आणि वहीत राजा, टांकसाळ, वजन, व्यास, धातू, लेखातील प्रत्यक्ष दिसणारी अक्षरे, कोणाकडून, कधी आणि किती किमतीला, एवढे लिहावे. जे दिसत नाही ते अंदाजाने भरू नये. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी ठिपका द्यावा. ठशांचा परस्पर कोन, म्हणजे किल्ला उभा धरून नाणे उलटले असता ढाल किती वळलेली आहे, तोही नोंदवावा. हातोड्याच्या नाण्यांत हा कोन कसाही असतो, त्यामुळे एकेक नाणे ओळखण्यास त्याची मदत होते.

सातवे पाऊल: कायदा

भारतात १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. लिस्बनमध्ये विकत घेतलेले सेइतिल भारतात आणले की तेही याच नियमाखाली येऊ शकते, हे परदेशस्थ मराठी संग्राहकांनी ध्यानात ठेवावे आणि नाणी इकडून तिकडे हलवण्यापूर्वी सल्ला घ्यावा. परदेशातून मागवताना सीमाशुल्काचे विवरण खरे भरावे. शेतात किंवा घराचा पाया खणताना भूमिगत ठेवा सापडला आणि त्याचे मूल्य १० रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या कायद्याने त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. गोव्यात जुनी पोर्तुगीज नाणी जमिनीत सापडतात, म्हणून तेथील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पुढची वाट: लिस्बनहून गोव्याकडे

लिस्बनला जाण्याचा योग आला तर तेथील मध्यवर्ती बँकेचे ‘मुझेउ दु दिन्येरु’ हे संग्रहालय पाहावे. ते एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, आणि त्याच्या तळघरात दिनिश राजाने बांधलेल्या शहराच्या भिंतीचा अवशेष आहे; ज्याची नाणी आपण हाताळतो त्याची भिंत समोर उभी असते. महाराष्ट्रात नाण्यांच्या अभ्यासाची गोडी लागावी असे वाटत असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तेथील संग्रहालय ही जागा आहे. तेथे सेइतिलाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. ठोकलेले नाणे कसे पाहावे हे शिकायला जावे.

सेइतिलांचा संग्रह आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो, हा मराठी वाचकासाठी त्याचा आणखी एक लोभ आहे. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्याच वर्षी तेथे टांकसाळ घातली. तिच्यातून चांदीचे एस्फेरा निघाले, ज्यावर मानुएल राजाचे खगोलगोलाचे निशाण होते, आणि तांब्याची जी छोटी नाणी निघाली त्यांना नावे दिली लेआल आणि दिन्येरु. मध्ययुगातले ते जुने नाव मांडवीच्या काठावर पुन्हा जन्माला आले. मात्र गोव्याच्या बाजारात लवकरच बाझारुकु या स्थानिक वळणाच्या चिल्लर नाण्याने जागा घेतली; ते तांब्याचे असे, आणि पुढे कथलासारख्या इतर धातूंतही ओतले जाई.

हे तांबे यायचे कुठून, तर पोर्तुगालच्या स्वतःच्या खाणींतून फारसे नव्हे. जर्मनीतील आउग्सबर्गच्या फुगर या व्यापारी घराण्याचे मध्य युरोपातील तांबे अँटवर्पमध्ये पोर्तुगीज राजाचे अडत्ये विकत घेत आणि जहाजांतून हिंदुस्थानाकडे पाठवत, कारण मिरीच्या मोबदल्यात येथे तांब्याला मागणी होती. २००८ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर ओरान्यमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणीच्या कामात एक बुडालेले पोर्तुगीज जहाज सापडले. १५३३ मध्ये हिंदुस्थानाकडे निघून बेपत्ता झालेले ‘बों जेझुश’ ते हेच, असे मानले जाते. त्यात २,००० हून अधिक सोन्याची नाणी होती आणि बातम्या त्यांच्याच झाल्या. पण त्याच जहाजात फुगरांच्या त्रिशूळाचा शिक्का असलेले तांब्याचे हजाराहून अधिक गोळे होते. तो माल आपल्याच किनाऱ्यावर उतरायचा होता.

पाच राजांची पाच सेइतिल जमल्यावर गोव्याचे एखादे लेआल शोधायला लागावे, आणि हा शोध दीर्घ चालेल याची तयारी ठेवावी. ती नाणी दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या बाबतीत मात्र बनावटीची भीती खरी आहे, म्हणून ती जाणत्या, जबाबदार विक्रेत्याखेरीज कोणाकडून घेऊ नयेत.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, कोणत्याही नोंदीच्या आधी, घरच्यांसाठी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे की या डब्यातील नाणी काळी आहेत ती तशीच राहू द्यावीत, दसरा-दिवाळीला देवांची भांडी घासायला काढाल तेव्हा हा डबा उघडू नये, आणि मी नसेन तेव्हा एकही नाणे विकण्यापूर्वी त्याच्या पाकिटावरचा क्रमांक या वहीत शोधावा.